किटलीची उजळ कड

४ जून

भावजी,

तुमचं पाकीट मिळालं. दादा गेल्यावर नऊ वर्षांनी वहिनीची आठवण झाली, तीही टाइप करून. खाली सही तेवढी शाईची आहे. अजून तशीच, अर्धी ओळ खाऊन बसणारी. बरं वाटलं, काहीतरी तर बदललं नाही.

आतला कागद दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. "पुस्तकातील सर्व चित्रे लेखकाने स्वतः रेखाटलेली असून मूळ चित्रे माझ्याकडे केवळ सांभाळण्यासाठी होती, ती मी राजीखुशीने परत करत आहे." आणि माझ्या सहीसाठी खाली टिंबं. टिंबं छान सरळ आहेत. ती तरी तुम्ही स्वतः रेखाटलीत का?

म्हणजे तुमच्या नव्या प्रकाशकाला मूळ चित्रं हवीत, कारण जुन्या पुस्तकावरून छापली तर धुरकट येतात. आणि मूळ चित्रं माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत. पानं चौपन्न. वाळवी लागलेली नाही. वर्षातून दोनदा गाद्या उन्हात घालते, त्यांच्याबरोबर तीही घालते.

सही केलेली नाही. लगेच नाक फेंदारू नका. तुमच्या दादानं, म्हणजे ह्यांनी, तीन महिने बसून ती चित्रं काढली आणि पुस्तकावर लिहिलं गेलं "लेखन व चित्रे" आणि पुढं तुमचं एकट्याचं नाव. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे पुष्कळ पाहिले. पण तुम्ही तर रेघोट्याही आयत्याच घेतल्यात.

तर माझं म्हणणं एका ओळीचं आहे. पहिल्या पानावर ह्यांचं नाव घाला, ट्रंक घेऊन जा. नाव तुम्हाला माहीत आहे. आडनाव तर तुमचंच आहे, शोधायला लागायचं नाही.

आता एक गंमत. आमच्या चौकातल्या वाचनालयाच्या माडीवर चित्रकलेचा वर्ग निघालाय, अगदी नवशिक्यांसाठी. तिथं तुमचंच पुस्तक लावलंय. मी नाव घातलं. शिकवणारी मॅडम माझ्या धाकट्या भाचीएवढी आहे. मला म्हणाली, "आजी, याआधी कधी काही काढलंय का?" मी म्हटलं, "विहिरीचं पाणी."

तिनं वहीत लिहिलं, अनुभव नाही.

तुमच्या पुस्तकातली चित्रं मला पाठ आहेत, पण त्यांच्या शेजारी तुम्ही काय लिहून ठेवलंय ते कधी वाचलं नव्हतं. आता वाचते. सातवी शिकलेल्या बाईला जेवढं कळेल तेवढं कळेल.

तुमची वहिनी


१६ जून

भावजी,

उत्तर नाही. ठीक आहे. तुम्ही विचार करत असाल. वेळ लागतो ज्याचा त्याला.

वर्गात आम्ही बाराजण. सगळ्यांत उत्साही एक रिटायर झालेला बसचा कंडक्टर. तो काहीही काढायला सांगितलं तरी कागदाच्या कोपऱ्यात तिकिटाएवढं काढतो. मॅडम म्हणाल्या, पूर्ण कागद वापरा, चित्राची मांडणी कागदभर असावी. तो म्हणाला, मोठ्या कागदाचं वाटोळं होतं हो. मॅडमनी त्याला तुमच्या पुस्तकातलं मांडणीवरचं पान वाचायला लावलं. "चित्रचौकटीतील घटकांचे परस्परांशी असलेले सुसंवादी नाते म्हणजे संयोजन." त्यानं मान डोलावली आणि पुन्हा तिकिटाएवढंच काढलं. मग मी त्याला म्हटलं, पाहुणा घरात आला तर त्याला दारामागच्या कोपऱ्यात उभं करता का? त्या दिवशी त्याचं सफरचंद पहिल्यांदा कागदाच्या मधे आलं. एवढी ओळ लिहायला तुम्हाला कॉलेजात तीस वर्षं कमी पडली.

पहिला धडा रेषेचा होता. उभी रेषा, आडवी रेषा, तिरकी, वळणाची. उभी रेषा म्हणे ताठपणा दाखवते, आडवी शांतता, तिरकी हालचाल. हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ह्यांना हे माहीत असायला पुस्तक लागत नव्हतं. ह्यांची रेघ आठवते का तुम्हाला? दुकानाची पाटी रंगवताना आधी दोरीला खडू फासायचे, एक टोक मी धरायचे, एक टोक हे, आणि मधे चिमटीनं दोरी ओढून सोडायचे. फट्. वीस फुटांची रेघ, एका श्वासात. तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात. सुट्टीत घरी यायचात आणि म्हणायचात, दादा, ही कला नव्हे, ही कारागिरी. हे म्हणायचे, असेल बाबा. आणि तुमची फी ह्या कारागिरीतूनच जायची, ते असो. तो हिशोब मी काढत नाही. काढला तर तुम्हाला बसायला जागा राहायची नाही.

मॅडमनी आम्हाला हातानं सरळ रेघ काढायला सांगितली. बाराजणांत माझीच सरळ आली. मॅडम म्हणाल्या, आजी, हात चांगला आहे तुमचा. मी म्हटलं, पेंटरची बायको आहे, दोरी धरून धरून झालाय.

वहिनी


३० जून

भावजी,

आलं उत्तर. हातानं लिहिलंत, म्हणजे राग आलाय. राग आला की तुमचं अक्षर उजवीकडे झुकतं, तिरकी रेषा, हालचाल दाखवते.

तुम्ही लिहिता की दादानं "थोडीफार मदत" केली होती. कल्पना तुमची, मांडणी तुमची, दादानं फक्त हात चालवला. बरं. मग मी असं म्हणू का, की तुमच्या आईनं फक्त पोटात वाढवलं, बाकी जन्म तुम्ही स्वतः घेतलात?

आणि लिहिता की माझा ह्या विषयाशी संबंध नाही. म्हणून तर वर्गात जाते. संबंध जोडायला.

ह्या पंधरवड्यात आकार आणि अवकाश झाले. आकार सपाट असतो, त्याला लांबी-रुंदी. घनाकाराला जाडीही असते. वर्तुळ म्हणजे आकार, चेंडू म्हणजे घनाकार. हे तुम्ही दीड पानात सांगितलंय. कंडक्टर म्हणाला, म्हणजे तिकीट आकार आणि प्रवासी घनाकार. मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. त्याला कळलं भावजी, तुमचं दीड पान न वाचता.

अवकाश म्हणजे वस्तूभोवतीची रिकामी जागा. ती पण काढायची असते, हे मॅडमनी सांगितलं तेव्हा सगळे चक्रावले. खुर्ची नका काढू, म्हणाल्या, खुर्चीच्या पायांमधली रिकामी जागा काढा, खुर्ची आपोआप येईल. आणि आली. मी त्यात रमले, कारण हे तर ह्यांचं रोजचं काम. पाटीवर अक्षरं काढत नसत हे, अक्षरांमधल्या फटी काढत. म्हणायचे, दोन अक्षरांत हवा जाऊ दे, नाहीतर वाचणारा गुदमरतो. अक्षरांत ह्यांच्या तोडीचा माणूस मी बघितला नाही. आता सगळीकडे फ्लेक्स आलेत. अक्षरं दाटीवाटीनं उभी, बसमधे उभी असतात तशी.

शेवटी लांबचं लहान आणि जवळचं मोठं दिसतं त्याचा धडा झाला. यथार्थदर्शन असं भारी नाव ठेवलंय त्याला. रस्ता लांब जातो तसा निमुळता होतो, खांब लहान होत जातात. वस्तूंचं असेल तसं. माणसांचं उलटं असतं. तुम्ही लांबून केवढे मोठे दिसता.

सही केलेली नाही.

वहिनी


१४ जुलै

भावजी,

आज मी फार खूश आहे. एवढी खूश की तुम्हाला आंतरदेशीय सोडून चांगल्या कागदावर लिहितेय.

धडा छायाप्रकाशाचा. मॅडमनी घरातली एकेक वस्तू आणायला सांगितली होती. लोकांनी फुलदाण्या आणल्या, कंडक्टरनं जुना पंचिंगचा चिमटा आणला. मी आमची किटली नेली. पोचा आलेली, तुम्ही सुट्टीत चहा प्यायचात तीच. तुमच्या पुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर जी आहे ती.

मॅडमनी पान उघडलं आणि किटलीकडे बघितलं, पुन्हा पान बघितलं. पोचा त्याच जागी. म्हणाल्या, आजी, ही किटली तुमच्याकडे कशी? मी म्हटलं, चित्र काढणारा आमच्याच घरातला. त्या तुम्हाला फार मानतात हो. त्यांना वाटलं मी तुमच्याबद्दल बोलतेय. मी खुलासा केला नाही. थोडी मजा राखून ठेवावी.

किटली टेबलावर ठेवली, डाव्या बाजूला खिडकी. मी खाली पांढरी चादर अंथरली, मी नेहमी अंथरायचे तशी,

वर एक शब्द खोडलाय तो वाचू नका. हे नेहमी अंथरायचे तशी.

आता ऐका. डावीकडून उजेड, म्हणून डावी बाजू उजळ, मग हळूहळू करडी, मग उजवीकडे गडद. इथवर पुस्तकात आहे. पण उजव्या बाजूच्या अगदी शेवटी, गडदाच्याही पलीकडे, एक बारीक उजळ कड दिसते. खालच्या चादरीवर पडलेला उजेड उसळून वर येतो आणि किटलीला मागून लागतो. म्हणून ती कड. म्हणून किटली गोल दिसते, तिला पाठ आहे असं वाटतं. ती कड नसेल तर किटली तव्यासारखी सपाट.

मूळ चित्रात कड आहे. वाचनालयात तुमच्या पुस्तकाच्या दोन्ही आवृत्त्या आहेत, मी दोन्ही उघडून शेजारी ठेवल्या. पहिल्यात कड आहे. दुसऱ्यात गायब, काळं केलंय, थेट शेवटपर्यंत. आणि दुसऱ्या आवृत्तीच्या सुरुवातीला तुम्ही लिहिलंय, "पहिल्या आवृत्तीतील छपाईचे दोष या आवृत्तीत दूर केले आहेत."

छपाईचा दोष. भावजी, मी वाचनालयात तोंडात पदर कोंबून हसले.

ज्यानं किटली काढली त्याला कड दिसली होती. ज्यानं पुस्तक लिहिलं त्याला दिसली नाही, कारण त्यानं किटलीकडे बघितलंच नव्हतं. त्यानं चित्राकडे बघितलं आणि चित्रातली बरोबर गोष्ट चूक म्हणून काळी करून टाकली. आणि बारा वर्षं तेच काळं शिकवतोय. पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं, पालथ्या किटलीवर काजळ पहिल्यांदा बघितलं.

मॅडम तुमच्या पुस्तकाप्रमाणे शेवटपर्यंत काळं करायला सांगत होत्या, पण मधेच त्या थांबल्या आणि किटलीकडे बराच वेळ बघत राहिल्या. पोरीला डोळे आहेत.

वहिनी


१९ जुलै

भावजी,

मॅडमनी सांगितलं. तुम्हाला पाहुणे म्हणून बोलावलंय, तुम्ही हो म्हणालात, शनिवारी येणार. वरून मला तुमची चिठ्ठी, की वर्गात तमाशा करू नका.

मी करत नाही. पुढची खुर्ची तुमची, मागचा बाक माझा. या.

वहिनी


२८ जुलै

भावजी,

शनिवारी काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही तिथंच होतात. पण तुम्ही बघत नव्हता, म्हणून सांगते. तुमची ही जुनी सवय आहे.

तुम्ही कोट घालून आलात. पंख्याखालची खुर्ची घेतलीत. छायाप्रकाशावर तुम्ही चाळीस मिनिटं बोललात, छटा, त्यांच्या पायऱ्या, सावलीचे प्रकार. चांगलं बोललात. आवाज तुमचा पहिल्यापासून चांगला. मग तुम्हीच म्हणालात, कुणीतरी पुढं येऊन काढून दाखवा. तुम्हाला वाटलं एखादी लाजरी मुलगी येईल आणि तुम्ही तिला सुधारून द्याल. कंडक्टर बसमधे ओरडायचा तसा ओरडला, आजींना पुढं सोडा.

तुमचा चेहरा मी बघितला. मला मागं पाठवायचं कारण तुम्हाला सापडेना.

टेबलावर किटली होती, खाली चादर. बोर्डाला मोठा कागद टाचलेला. मी कोळसा घेतला. किती वेळ लागला ते मला माहीत नाही. झाल्यावर मी बाजूला झाले.

तुम्ही उठलात. म्हणालात, छान प्रयत्न आहे, पण नवशिके इथं नेहमी चुकतात. आणि माझ्या हातातला कोळसा घेऊन उजवी कड काळी केलीत. शेवटपर्यंत. पुस्तकात केलीत तशी. मी पदराला हात पुसत मागं झाले. तमाशा करायचा नव्हता ना.

बोलल्या त्या मॅडम.

"सर, ती कड तिथं दिसते."

"कुठं?"

"किटलीवर. तुम्ही खाली वाकून बघा, आजी बघत होत्या तिथून."

तुम्ही हसलात. पण सगळे बघत होते, म्हणून वाकलात. गुडघे वाजले, मी मागून ऐकले. मॅडमनी हळूच चादर ओढून काढली. खाली टेबलाचं काळं लाकूड. कड गेली. चादर परत घातली, कड आली. कंडक्टर म्हणाला, परत करा. मॅडमनी परत केलं. गेली, आली. बाराजण टेबलाभोवती गोळा झाले, लहान पोरं जादू बघतात तसे, आणि तुम्ही मधे वाकलेले. बराच वेळ वाकलेले होतात. तेवढ्या वेळात मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस काहीतरी बघतोय.

मग कंडक्टरनं विचारलं, म्हणजे सर, पुस्तकात चुकलंय का? त्याच्या पोटात काही नव्हतं, खरंच विचारलं त्यानं. तुम्ही म्हणालात, छपाईतली... रुमाल काढून हात पुसलेत. काळं निघालं नाही.

बाकीचं जिन्यावर. तुम्ही दोन पायऱ्या उतरून थांबलात, मागं वळला नाहीत.

"दादानं शिकवलं तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो."

"नाव घालतो त्याचं," तुम्ही म्हणालात. आणि उतरून गेलात.

तर मी जिंकले. मला हवं होतं ते मिळालं. दोन दिवस झाले, झोप लागत नाही. कारण विचारू नका.

वहिनी


१० ऑगस्ट

भावजी,

पहिल्या पानाचा छापील नमुना आला. "चित्रे" आणि खाली ह्यांचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. माझ्या सहीचा नवा कागदही आला, राजीखुशी ह्या वेळी वगळलीत. तुम्ही शब्द पाळलात. हे मी लिहून ठेवते, कारण पुन्हा लिहायची वेळ येईल असं वाटत नाही.

आता जिन्यावर काय झालं ते ऐका. तुम्ही विचारलंत, दादानं शिकवलं का, आणि मी हो म्हटलं. ते खोटं.

पुस्तकाचं काम आलं त्याच्या तीन आठवडे आधी हे शिडीवरून पडले होते. उजवं मनगट. तुम्हाला कळवलं नाही. म्हणाले, त्याला कळवू नकोस, म्हणेल दादा संपला. हाड बसलं पण हात थरथरायचा, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. आणि नेमकं तेव्हा तुमचं पत्र, दादा, चौपन्न चित्रं हवीत, तुझ्याशिवाय कोण करणार. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही ह्यांना कलाकार म्हणालात. मग नाही कसं म्हणणार?

आठ दिवस डाव्या हातानं बसले. काढलं आणि फाडलं. भावजी, खरं सांगू का, उजवा हात धड असता तरी जमलं नसतं. अक्षर म्हणजे ह्यांचा प्राण, पण वस्तू ह्यांना कधी काढता आली नाही. ह्यांचं भांडं असं दिसायचं की त्याच्यावर कुणीतरी बसून गेलंय. दवाखान्याच्या पाटीवर एकदा कंबरेच्या हाडाचं चित्र काढलं तर लोक विचारायचे, इथं फुलं मिळतात का.

नवव्या दिवशी पेन्सिल मी घेतली. नुसती बघायला, की एवढं काय अवघड आहे. हे शेजारी बसले, सांगायला लागले, असं धर, तसं कर. पाच-सहा चित्रं सांगितलं. मग सांगायचे थांबले. मग पेन्सिली तासून द्यायला लागले. पुढचे तीन महिने तेवढंच केलं, भावजी. टोकं काढून द्यायचे, ओळीनं मांडून ठेवायचे, आणि मी काढत असायचे. चौपन्न. रेषांचे प्रकार, छटांच्या नऊ पायऱ्या, पेला, खुर्ची, हात, किटली. मला कुणी शिकवलं नाही. मी बघितलं आणि काढलं.

पुस्तक आलं, नाव तुमचं. ह्यांना राग आला, स्वतःचं नाव नाही म्हणून. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गल्लीत सगळ्यांना पुस्तक दाखवलं, म्हणाले, चित्रं माझी आहेत, भावानं नाव खाल्लं. लोक चुकचुकले. मी चहा केला. त्याच किटलीत. तुम्हाला चोर म्हणत मी इतकी वर्षं काढली, पण पहिली चोरी घरातच झाली होती आणि चोराला मी साखर किती विचारत होते.

शेवटच्या महिन्यांत एकदा दुपारी हे पुस्तक चाळत होते. म्हणाले, किटली बरी उतरलीय. बस. एवढंच. मला वाटलं अजून काही बोलतील. पान उलटलं.

मला राग नव्हता असं नाही. आहे. मेलेल्या माणसावर रागवायची सोय नसते, म्हणून सगळा तुमच्यावर काढला. तुम्ही होतातच त्या लायकीचे, त्यामुळे वाया गेला नाही.

नमुन्याचं पान परत पाठवतेय. ह्यांचं नाव मी खोडलंय. गल्लीत म्हणतील, मेलेल्या नवऱ्याचं नाव पुसलं. म्हणू दे. ह्या गावात चाळीस पाट्या अजून ह्यांच्या हातच्या आहेत, ऊन खाऊन रंग उडालाय तरी लांबून वाचता येतात. तिथं ह्यांचं नाव आहे. किटलीवर नको. जे ह्यांना कधी जमलं नाही त्यासाठी लोकांनी ह्यांना ओळखावं, ही तर ह्यांची थट्टा झाली. आणि ह्यांची थट्टा करायचा हक्क फक्त माझा आहे.

खाली माझं नाव लिहिलंय. मला ते हवंय. तुमच्या दादासाठी नको, न्यायासाठी नको, मला हवंय म्हणून हवंय. हे वाक्य लिहायला एकसष्ट वर्षं लागली, तेव्हा ते नीट वाचा.

तुम्ही म्हणाल, सातवी शिकलेल्या बाईनं काढली म्हटल्यावर पुस्तक कोण घेईल, कॉलेजात लोक हसतील. हसतील कदाचित. तुम्हाला हसतील, मला नाही. पण तुम्ही शनिवारी वाकून बघितलंत, आता तुम्हाला माहीत नाही असं म्हणता यायचं नाही. आणि विश्वास बसत नसेल तर या. एक कागद तुम्ही घ्या, एक मी घेते. मॅडम सांगतील.

किटलीच्या पानावरचं काळं काढा. शेजारी कड का दिसते ते लिहा. लिहिता येईल तुम्हाला, बघितलंय आता.

नाव लिहिताना आडनाव माहेरचं घातलंय, ते चुकून नाही. सासरचं घातलं तर वाचणाऱ्याला वाटेल तुमच्या बायकोनं काढली. नावांची अदलाबदल एकदा झाली तेवढी पुरे.

चौपन्न चित्रं कापडात बांधून ठेवलीत. ट्रंकेला कुलूप आहे.

उत्तर पाठवू नका. छापलेलं पान पाठवा.